उदाहरण क्रमांक चौदा

सांगली, ९ फेब्रुवारी १९७५

चि. सयाजी यास,

अनेक आशीर्वाद.

तुझे कार्ड पोहोचले. कोऱ्या कार्डाला पत्र म्हणता येत असेल, तर हे त्याचे उत्तर समज. दोन वर्षांत माझ्या पाच पत्रांना तू पाठवलेला हा पहिला प्रतिसाद: एका बाजूला माझा पत्ता आणि दुसऱ्या बाजूला काहीही नाही. पत्तासुद्धा तुझ्या हातचा नाही. अक्षरे मोठी, ओळ उतरत गेलेली, आणि 'प्राध्यापिका' या शब्दाची जी दैना झाली आहे ती पाहून मी सवयीने लाल पेन्सिल उचलली होती. दुकानातल्या एखाद्या नव्या माणसाकडून लिहून घेतलेले दिसते. सख्ख्या बहिणीचा पत्ता तरी स्वतः लिहायचा होतास.

आता कामाचे. यंदा नाथाची जत्रा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येते. ही तिसरी. गावचा नियम तुला ठाऊक आहे, तरीही लिहिते; कारण तू विसरला होतास असे म्हणायला मला जागा ठेवायची नाही. देवळाच्या पायरीवर उभा राहून धुळा म्हातारा घराघरातल्या पुरुषाचे नाव पुकारतो. हजर असेल तो स्वतः 'हाय' म्हणतो. जो सोने गाळण्याच्या गलाई दुकानावर किंवा पलटणीत, मुलखाच्या कुठल्याही टोकाला असेल, त्याच्यासाठी त्याच्या चुलीवरचे कोणीतरी 'हाय' म्हणते आणि त्याच्या वाट्याची खोबऱ्याची वाटी पदरात घेते. सलग तीन जत्रा ज्याच्या नावाला उत्तर आले नाही, त्याचे नाव पुकाऱ्यातून जाते. त्यानंतर तो गावी आला तर पाहुणा म्हणून येतो. त्याच्या लेकरांना गावात सोयरीक नाही, आणि त्याला स्वतःला गावच्या मातीत जागा नाही.

१९७३ साली तुझ्या नावाला उत्तर आले नाही. १९७४ सालीही आले नाही.

तेव्हा तू स्वतः यावेस. कुंभकोणमहून बेंगलोर आणि बेंगलोरहून मिरजेची गाडी; आठ दिवस दुकान भागीदाराकडे सोपवून येणे अशक्य नाही.

माझ्या पुस्तकाविषयी तुझा काही समज झाला आहे, असे कानावर येते. त्याविषयी एकदाच लिहिते. खानापूर तालुक्यातून सोने गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर गेलेल्या माणसांवर मी सहा वर्षे अभ्यास केला. त्या प्रबंधाचे ते पुस्तक आहे. त्यात तुझे नाव कोठेही नाही. गावाचे नावही बदललेले आहे. चौदाव्या उदाहरणातला माणूस हा एक नमुना आहे. शास्त्रात हीच सर्वमान्य रीत आहे आणि ती मी काटेकोरपणे पाळली आहे.

जत्रेची नक्की तारीख कळताच कळवीन.

राही

मिरज, २ मार्च १९७५

चि. सयाजी यास,

अनेक आशीर्वाद.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून हे लिहीत आहे. आईला पक्षाघाताच्या तपासणीसाठी आणले आहे. उजवा हात थोडा उचलता येतो, पायात बळ नाही, आणि वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, समजते सगळे, बोलता मात्र येणार नाही. ती ज्या नजरेने माझ्याकडे पाहते, त्यावरून समजते सगळे, याविषयी मलाही शंका नाही.

तिला विट्याहून एस.टी.ने अंजनाने आणले. मी टॅक्सी करणार होते. तिने ऐकले नाही. आईला पाठुंगळी घेऊन ती गर्दीतून उतरली तेव्हा मी पुढे झाले, तर म्हणाली, "ऱ्हाऊंद्या आक्का. तुमच्या लुगड्याला डाग पडंल."

तुझी बायको माझ्याशी पूर्वी चार शब्दांच्या वर बोलत नसे. आता बोलते. नाव लिहून घेणाऱ्या परिचारिकेने "पेशंटची तुम्ही कोण?" असे विचारले, तेव्हा अंजना माझ्याकडे वळून म्हणाली, "सांगा की आक्का, माजा नंबर कितवा? पंधरा का सोळा?" परिचारिकेला काही कळले नाही. मी खाली पाहून सही केली.

दोन वर्षांत त्या घरात मला अन्न मिळालेले नाही, हे तुला कोणी कळवले आहे का? दिवाळीत गेले होते. अंजनाने आईला भरवले, स्वतः जेवली, आणि तव्यावर पाणी ओतले. "आक्का शिकल्याल्या. त्यास्नी आमची जुंधळ्याची भाकरी पचत न्हाई," असे चुलीकडे तोंड करून म्हणाली. मी सांगलीहून नेलेला पाव सोप्यात बसून खाल्ला. मी कोणाच्या दारात अन्न मागणारी नव्हे.

जे घडले ते एकदा क्रमाने लिहिते, म्हणजे तुझ्याकडे उलटसुलट बातम्या आल्या असतील त्या सरळ होतील. पुस्तकाची एक प्रत मी गावच्या शाळेला भेट दिली होती. मास्तरांनी ती देवळापुढच्या कट्ट्यावर मोठ्याने वाचायला घेतली. रोज एक प्रकरण. आपल्या गावावर पुस्तक झाले, म्हणून बायकासुद्धा ऐकायला बसत. चौदावे उदाहरण आले त्या दिवशी अंजना तिथे होती. तेजाबाने भाजून पेर गेलेले डाव्या हाताचे बोट, सुभेदार वडील, सातवीतून सोडलेली शाळा, दक्षिणेत केलेला दुसरा संसार, आणि त्या संसारातल्या मुलीला दिलेले स्वतःच्या आईचे नाव. मास्तरांच्या ध्यानात येऊन ते थांबेपर्यंत गावाला उलगडा झाला होता. अंजना आज मला म्हणाली, "बोटानं न्हाई कळलं मला. 'दोन जागी भाकरी खातो आन दोनीकडनं उपाशी उठतो', ह्ये मास्तरनं वाचलं, तवा कळलं. ह्ये असंच बोलत्यात."

पंधरा दिवसांनी जत्रा आली. धुळाने तुझे नाव पुकारले. अंजना खाली मान घालून बसली होती. आईला तेव्हा वाचा होती, पण तीही गप्प राहिली. मी नंतर जाब विचारला, तर म्हणाली, "सून फुडं बसलीया. तिच्या तोंडावर मी कुठल्या जिभंनं 'हाय' म्हनू?" पुढच्या जत्रेला तिची जीभ तिच्या ताब्यात नव्हती.

साठ उंबऱ्यांचे गाव एक प्रबंध इतक्या बारकाईने ऐकेल, असे मला वाटले नव्हते. तो माझा अंदाज चुकला. इतकेच मी मान्य करू शकते.

राही

सांगली, २३ मार्च १९७५

सयाजी,

या पत्रापुरते आशीर्वाद बाजूला ठेवते.

मागच्या पत्रात मी अंदाज चुकल्याचे लिहिले. ते खरे नाही. पत्र पेटीत टाकल्यापासून ते वाक्य मला बोचत आहे. विद्यार्थ्याच्या निबंधात असे वाक्य सापडले असते, तर मी त्याखाली दोनदा रेघ ओढली असती.

मला ठाऊक होते. पुण्याच्या माझ्या मार्गदर्शकांनी हस्तलिखितातले ते पान दुमडून माझ्यापुढे ठेवले होते. "हा माणूस ओळखू येतो, बाई. ते बोट काढा, वडिलांचा हुद्दा बदला, मुलीच्या नावाचे वाक्य गाळा." मी नकार दिला. तपशील बदलला की पुरावा खोटा होतो, असे मी त्यांनाच सुनावले. ते म्हणाले, "त्याच्या घरची माणसे हे वाचतील." मी म्हणाले, "माझ्या घरची माणसे वाचत नाहीत."

हे वाक्य मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

आता दुसरे. १९६९ चा डिसेंबर. तू मला कावेरीच्या घाटावर नेले होतेस. चार दिवस तुझ्या दुकानात बसून मी भट्टी पाहिली, मूस पाहिली, गावाकडून पोत्याने येणारे जोंधळ्याचे पीठ पाहिले, आणि तुझी तिकडची बायको सेल्वी त्या पिठाची भाकरी थापताना कशी कडेला मोडते, तेही टिपून घेतले. पाचव्या दिवशी तू मला घाटावर नेलेस. सेल्वी खालच्या पायऱ्यांवर तुमच्या लहानग्या मनूला पाण्यापासून मागे ओढत होती. तू बोलू लागलास तेव्हा वही माझ्या मांडीवर उघडी होती. "आक्का, वही मिट," तू म्हणालास. "ह्ये मी भनीला सांगतुया."

मी वही मिटली. पेनाला टोपण लावले. आणि तू जे जे बोललास, ते वाक्यावर वाक्य रचून मनात ठेवले. दिवेलागणीच्या सुमारास खोलीवर परतल्यावर चाळीस मिनिटांत ते सगळे उतरवून काढले. एक शब्द गळला नाही. त्या संध्याकाळी मला माझ्या स्मरणशक्तीचा अभिमान वाटला होता.

दोन जागच्या भाकरीचे ते वाक्य बहिणीला सांगितलेले होते. ते छापण्याचा मला अधिकार नव्हता. पुस्तकावरच्या सगळ्या अभिप्रायांत त्याच वाक्याची वाहवा झाली, आणि मी ती घेतली.

याला क्षमा मागण्याची रीत मला येत नाही. आबांनी मला बेळगावला ठेवून शिकवले, त्यात ती शिकवली गेली नाही. किंवा शिकवली गेली असेल आणि मी त्या दिवशी पुढच्या धड्यावर असेन.

आज सकाळी तुझे कार्ड पुन्हा काढून पाहिले. दुकानातला माणूस काना देण्याआधी खाली पेन्सिलीने रेघ आखून घेत नाही. ते मूल आहे. मनू आता नऊ वर्षांची असेल. तू तिला आपली लिपी शिकवतो आहेस आणि सराव म्हणून माझा पत्ता घातलास. दुसरी बाजू कोरी का राहिली, हेही आता समजते. मला काय लिहावे, हे तू तिला सांगू शकला नाहीस.

लाल पेन्सिल मी कार्डाला लावली नव्हती, एवढे तिला सांग.

आक्का

सांगली, १४ एप्रिल १९७५

चि. सयाजी यास,

तुझे पत्र मिळाले. चार ओळी, पण तुझ्या हातच्या. त्या इथे उतरवते. आपण काय लिहिले ते तुझे तुला माझ्या अक्षरात दिसू दे.

"आक्का, मी येनार न्हाई. अंजनाफुडं हुबा ऱ्हायाला तोंड न्हाई. नाव जाऊंदे. मनूला सांगिटलंय, आपलं गाव कुंभकोणम."

तुझ्या रागाविषयी मला बोलण्याचा हक्क नाही. पण ही शेवटची ओळ तू रागाने लिहिलेली नाहीस, थकून लिहिली आहेस, आणि ती खोटी आहे. ज्याचे गाव कुंभकोणम, तो पोरीला रेघ आखून 'सांगली' लिहायला शिकवत नाही. तुझे नाव गेले, की तिने शिकलेल्या अक्षरांत पत्र घालायला तिला कोणाचा पत्ता उरेल? माझा. मी तर कोणत्याच चुलीवरची नाही. कॉलेजच्या आवारातल्या दोन खोल्या आणि एक स्टोव्ह.

माझ्या पुस्तकातील कुटुंबाची व्याख्या मीच केलेली आहे: एका चुलीवर शिजवलेले अन्न सलग सहा महिने खाणाऱ्या व्यक्ती. या व्याख्येने तू आपल्या घरात बसत नाहीस. मीही बसत नाही. आई आणि अंजना, एवढ्या दोघीच बसतात. त्यांतल्या एकीला वाचा नाही आणि दुसरीला इच्छा नाही.

ती इच्छा मागायला मी गावी जात आहे. कोणाकडे काही मागण्याचा मला सराव नाही, हे तू जाणतोस.

आक्का

बोरजाईवाडी, ३० एप्रिल १९७५

चि. सयाजी यास,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र आपल्या सोप्यात बसून लिहीत आहे. आई शेजारी आहे. कपाळाला गुलाल आहे. जत्रा काल झाली.

मी परवा दुपारी पोहोचले. अंजना अंगणात जोंधळे पाखडत होती. मी सगळे उभ्यानेच बोलून टाकले: तुझे नाव जाता कामा नये, तिने 'हाय' म्हणावे, दोष माझा आहे, तुझाही आहे, पण मनूचा नाही. तिने सूप खाली ठेवले नाही.

"मी म्हननार न्हाई," ती म्हणाली.

"किती राग धरशील?"

"राग हाय की. पर तुमास्नी वाटतं, मी दोन सालं नुसत्या रागानं गप बसले. आक्का, तुमी सा वर्सं ह्या गावात फिरलासा. गड्यास्नी इचारलंसा, म्हाताऱ्यास्नी इचारलंसा, पार तिकडं जाऊन त्या बाईची भाकरी कशी मोडती ते लिवून आनलंसा. माज्याच घरात मुक्काम. मी पानी तापवून द्यायची. मला कवा काय इचारलंसा?"

मी पिशवी ओट्यावर ठेवली.

"मास्तरकडनं मी ते पान चार डाव वाचून घेटलं. माजं काय लिवलंय म्हाईत हाय? 'पत्नी गावी असते.' तीन शब्द. सोळा वर्सं झाली मला ह्या घरात येऊन. तीन शब्द."

वाक्य तसेच आहे. पृष्ठ एकशे बारा. त्या पुस्तकातील प्रत्येक आकडा मी तीनदा पडताळून पाहिलेला आहे. हे वाक्य मी एकदाही पुन्हा वाचले नव्हते.

मी ओट्यावर बसले आणि म्हणाले, "आता विचारते."

"वही हाय काय पिसवीत?"

"नाही."

तिने सूप ठेवले आणि ती बोलली. ऊन उतरून सावली गोठ्यापर्यंत गेली, तोवर बोलत होती. काय बोलली, ते मी लिहीत नाही. तिने ते मला सांगितले आहे. तुला हवे असेल तर तू येऊन तिला विचार.

मग तिने चूल पेटवली. माझ्यापुढे ताट ठेवले: भाकरी, हरभऱ्याची आमटी, कांदा. मी जेवत असताना म्हणाली, "मी न्हाई म्हननार. पर तुमी म्हनला तर मी आड येनार न्हाई. तुमी घालवलंसा, तुमीच आना."

काल तिसऱ्या प्रहरी देवळापुढे सगळे गाव जमले. धुळाचा आवाज आता कापतो, पण नावे त्याला अजून पाठ आहेत. बिराप्पा, गुंडा, अर्जुना. आसामातला एक, कलकत्त्याचे दोघे, पलटणीतले पाच. प्रत्येकाला कोणत्या ना कोणत्या बाईचे 'हाय' येत होते. मग:

"सुभेदाराचा सयाजी!"

गावाच्या नजरा अंजनाकडे. अंजनाची नजर माझ्याकडे.

मी म्हणाले, "हाय."

मागून हशा उठला. लालासाहेब हवालदार उठून उभे राहिले. पलटणीतून परत आल्यापासून गावात कोणी चुकावे, याचीच ते वाट पाहत असतात. "आवं आक्कासाब, तुमी सांगलीच्या. आन तुमच्याच पुस्तकात हाय, सा म्हैनं एका चुलीवर जेवंल ती एका घरची. मास्तरनं वाचून दावलंय आमाला. तुमी कवा जेवलासा?"

"काल," मी म्हणाले.

आता बायकासुद्धा हसल्या. कोणीतरी म्हणाले, "ह्ये बी छापून येनार बगा आता!"

"गप ऱ्हावा रं," धुळा म्हणाला. तो पायरीवरून दोन पायऱ्या खाली आला आणि माझ्याकडे डोळे बारीक करून पाहू लागला. "बाई, पुस्तक ऱ्हाऊंद्या बाजूला. एका चुलीचं हाय का न्हाई, तेवडं सांगा."

सयाजी, तुला लिहिलेले ते एक वाक्य सोडले, तर मी आयुष्यात जाणूनबुजून चुकीचे विधान केलेले नाही. माझ्या व्याख्येला सहा महिने लागतात. माझ्याजवळ एक भाकरी होती.

"व्हय," मी म्हणाले. हा शब्द बेळगावच्या शाळेत छडी खाऊन मी टाकला होता.

"म्हंजी पुस्तकात चुकलंय," लालासाहेब म्हणाले.

"चुकलंय."

हसणे थांबले. धुळा अंजनाकडे वळला. "अंजने, बाई म्हनती ते खरं?"

अंजनाने पदर सावरला. "भाकरी मी घाटलीया," ती म्हणाली. "खोटं कसं हुईल?"

धुळाने तुझे नाव पुन्हा एकदा पुकारले आणि तो पुढच्या नावाकडे गेला. खोबऱ्याची वाटी माझ्या ओंजळीत आली. गुलाल सांडून माझे लुगडे खराब झाले, आणि त्यावर अंजनाने चकार शब्द काढला नाही.

प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीची घाई करीत आहेत. चौदाव्या क्रमांकाचे पान मी काढले आहे. त्या जागी काय घालावे, हे ठरलेले नाही. तोवर आवृत्ती निघणार नाही, असे त्यांना कळवले आहे. मनूला सांग, तिने लिहिलेला पत्ता पोस्टमनला बिनचूक वाचता आला. दुसऱ्या बाजूला तिने तिच्या मनाचे काहीही लिहावे. मी तपासणार नाही.

तू येशील की नाही, हे मी विचारत नाही. पुढच्या चैत्रात तुझे नाव पुकारले जाणार आहे, एवढेच कळवते.

सोबतच्या पुडक्यात तुझा वाटा आहे. वाटी अखंड पाठवण्याची रीत आहे, म्हणून मी ती तशीच फडक्यात बांधत होते. अंजनाने ती माझ्या हातून घेतली, विळीवर धरली आणि तिचे तीन तुकडे केले. तिन्ही एकाच फडक्यात बांधून गाठ मारली आणि पुडके माझ्यापुढे सरकवले.

"धाडा," म्हणाली.

एक तुझा, एक मनूचा. तिसरा कोणाचा, हे मी तिला विचारले नाही.

आक्का